मास्तरला थांबवायचं बटण



मागच्या महिन्यात सेवाग्राम एक्सप्रेसनं वर्ध्याला घरी आलो. कमरेत गोदीतलं दुखणं, पिशवीत या अंकासाठी आलेल्या कविता. रात्री अकराला पाहतो तर धाकटी बहीण दाराच्या उंबऱ्याशी बसलेली. आमच्या घरात रेंज तेवढ्या उंबऱ्यापुरतीच येते. मोबाईल तेलाच्या डब्याला टेकवलेला, त्यात कोणी कोटवाला प्राध्यापक इंग्रजीतून संख्याशास्त्र सांगतोय, आणि ही उद्याच्या डब्याची मेथी निवडतेय. ५२ मिनिटांचा व्हिडिओ होता. संपला तसा तिनं मोबाईल पालथा घातला.

म्हटलं, "काय शिकली?"

"पाहून झालं, दादा."

"समजलं काय?"

"समजाचं कुठं आलं त्यात? हप्त्याचे सात व्हिडिओ पाहाच लागते. नाई पाहिले तं हजेरी लागत नाई."

पाहून झालं! रात्रभर ते दोन शब्द डोक्यात ठणकत राहिले. १९२८ साली याच वर्ध्यात जमनालाल बजाजांनी लक्ष्मीनारायणाचं देऊळ अस्पृश्यांना उघडं केलं. आपले आजे-पणजे गेले असतील, मूर्ती पाहिली असेल, दर्शन झालं म्हणून घरी आले असतील, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच कामावर. आज विद्यापीठाचं देऊळ मोबाईलमध्ये उघडं केलंय आणि माझी बहीण दर्शन घेऊन परत येतेय. शिक्षणाचं दर्शन घेऊन पोट भरत नाही रे.

चळवळीच्या अंकानं मोबाईलच्या बटणांवर अग्रलेख लिहावा याचं काहींना हसू येईल. अत्याचाराच्या बातम्या पडून आहेत, शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही, आणि संपादक प्लेअर कसा वापरावा ते सांगतोय! हसा. पण विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१६ मध्ये 'स्वयम्'वरून घेता येणाऱ्या अभ्यासक्रमांची मर्यादा २० टक्के ठेवली होती, ती २०२१ मध्ये ४० टक्क्यांवर नेली. म्हणजे एका सत्रातल्या शंभरातल्या चाळीस हिश्श्यापर्यंतचा अभ्यास वर्गाबाहेर, काचेवर होऊ शकतो. उद्या ज्या पोराला ही काच वाचता येणार नाही त्याचं काय होणार, हे सांगायला ज्योतिषी नको. अक्षरं आपल्यापासून हजारो वर्षं लपवून ठेवली होती. बटणं कोणी लपवलेली नाहीत, ती डोळ्यांसमोर आहेत आणि आपण ती दाबत नाही.

मी दहावी पास. बारावी बाहेरून द्यायची म्हणून सतरा नंबरच्या फॉर्मच्या मागे लागलोय. त्यामुळे पंडित म्हणून बोलत नाही, मार खाल्लेला माणूस म्हणून बोलतो. सातवीत अपूर्णांकांचा भागाकार आला. खालचा अपूर्णांक उलटा का करायचा, ते कळेना. हात वर केला. मास्तर म्हणाला, "तुला कळून काय करायचंय? तुमची स्कॉलरशिप येतेच की." सगळा वर्ग हसला. आमच्या वस्तीतली दोन पोरं होती, तीही हसली, हे मी त्यांना अजून विसरू दिलेलं नाही. त्यानंतर तीन वर्षं मी हात वर केला नाही. दहावीला गणितात ३५ पडले आणि घरात पेढे वाटले.

तो भागाकार मला कळला बाविसाव्या वर्षी. रात्रपाळीला स्टीलच्या कॉइली उतरत होत्या, क्रेन बंद पडली, दोन तास बसून काढायचे होते. मोबाईलवर कुठल्या तरी मराठी मास्तरचा व्हिडिओ लावला. नाही कळला. मागे ओढला. नाही कळला. परत मागे. अकरा वेळा. अकराव्या वेळी एकदम डोक्यात उजेड पडला: दोन भाकऱ्यांत अर्ध्या-अर्ध्या भाकरीचे तुकडे किती, हाच तर प्रश्न आहे, चार, म्हणूनच उलटा करून गुणायचं. शेजारी झोपलेल्या कामगाराला उठवून सांगितलं. त्यानं शिवी दिली.

अकरा वेळा विचारलं, आणि तो मास्तर एकदाही चिडला नाही. तो फार मोठ्या मनाचा होता असं नाही. त्याला मी दिसतच नव्हतो, माझं आडनाव दिसत नव्हतं. पण शिकवणाऱ्याला "थांब, परत सांग" म्हणायचा अधिकार आपल्या कुळात कोणाला होता? तो अधिकार आता बोटाखाली आलाय. पडद्याच्या डाव्या बाजूला दोनदा टिचकी मारली की मास्तर १० सेकंद मागे जातो. मधोमध एक बोट ठेवलं की वाक्य अर्धवट तोंडात धरून उभा राहतो. मला तर पहिल्यांदा असं केलं तेव्हा भीतीच वाटली होती. च्यायला, मास्तरला गप्प केलं!

याआधी हे नव्हतं. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचा 'कंट्रीवाइड क्लासरूम' दूरदर्शनवर लागायला लागला. पुण्यात त्याच साली शाळकरी पोरांसाठी 'बालचित्रवाणी' उभी राहिली, २०१७ मध्ये तिला टाळं लागलं. कार्यक्रम चांगले असतील, पण वेळ त्यांची, वेग त्यांचा. गाडी सुटली की सुटली, फलाटावरून गार्डाचा दिवा पाहत बसायचं. आज गाडी आपण थांबवू शकतो. आणि तरी माझी बहीण, बी.एस्सी.ची पोरगी, ५२ मिनिटांत एकदाही थांबवत नाही.

दुसऱ्या दिवशी तिला विचारलं, "पुढे सरकवता येते?"

"नाई. कॉलेजच्या पोर्टलवर पुढची पट्टी बंद हाय."

"मागं?"

"मागं जाते."

"थांबवता येते?"

ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणते, "येते. पण काहून थांबवू? उशीर होते."

यातच सगळं आलं. पुढे पळून जाऊ नये म्हणून पोरांना कुलूप, आणि थांबायला मोकळीक असून थांबावंसं वाटू नये अशी घाई. व्यवस्था मिनिटं मोजते. मिनिटं भरली की हजेरी. तिच्या मैत्रिणी व्हिडिओ मुका करून चालू ठेवतात आणि भाकऱ्या थापतात. त्यांना दोष देत नाही मी. गोदीतही मुकादम बघत असला की आम्ही हात हलवत राहतो, माल हलो न हलो. पण ते मुकादमाला फसवणं झालं. इथं फसतोय कोण? परीक्षेला तर पडद्यातला प्राध्यापक बसणार नाही.

तर कामाचं बोलू. त्या रात्री तोच व्हिडिओ आम्ही दोघांनी मिळून पुन्हा लावला. काय काय केलं ते सांगतो.

पहिल्यांदा वेग कमी केला. कोपऱ्यातल्या दातेरी चाकात वेगाचं खातं असतं. ०.७५ वर लावलं की इंग्रजी बोलणारा माणसासारखा बोलायला लागतो, शब्द वेगळे ऐकू येतात. ५२ मिनिटांचा तास ६९ मिनिटांचा होतो हे खरं. उलट आपल्या भाषेत कोणी पाल्हाळ लावत असेल तर १.२५ करा, तेच ५२ मिनिटांचं काम ४२ च्या आत उरकतं, वाचलेला वेळ तिकडे घाला. काही पोरं सगळंच दुप्पट वेगानं पाहतात आणि मिरवतात. दुप्पट वेगानं धावणारी बोट धक्क्याला लागत नाही, धडकते.

मग खालची अक्षरं चालू केली. या अक्षरांची ताकद आपल्याला माहीत नाही. अहमदाबादच्या ब्रिज कोठारी नावाच्या माणसानं १९९९ मध्ये गुजरातेत दूरदर्शनवरच्या गाण्यांखाली त्याच भाषेतल्या गाण्याचे शब्द उमटवायला लावले. लोक गाणं म्हणत म्हणत वाचायला लागले, आणि अर्धवट शिकलेल्यांचं वाचन सुधारलं. जे गाण्याला लागू, ते संख्याशास्त्राला का नाही? बहिणीला 'डेव्हिएशन' हा शब्द कानाला कधीच नीट लागला नव्हता. अक्षरात दिसला, थांबवलं, शब्दकोश काढला: विचलन. सरासरीपासून कोण किती दूर पडलंय, ते मोजायचं माप. ती म्हणते, "हे तं आपल्या वस्तीचं माप झालं." यंत्रानं आपोआप उमटवलेली अक्षरं मात्र डोळे झाकून खरी मानू नका. नावं आणि शास्त्रातले शब्द यंत्र हमखास खातं.

सगळ्यात मोठं काम वहीनं केलं. गोदीत टॅली ठेवणारा असतो. बोटीच्या पोटातून काय निघालं, किती निघालं, सगळं त्याच्या कागदावर, नाहीतर शंभर पोत्यांची नव्वद झालेली कोणाला कळणार नाही. तशी वही ठेवा. डाव्या बाजूला मिनिट लिहायचं, उजव्या बाजूला काय अडलं ते. १४ मिनिटं २० सेकंद: वर्ग का केला, नुसती वजाबाकी का चालत नाही? ३१ मिनिटं ५ सेकंद: सूत्र अर्ध्यातून बदललं, का? मिनिट लिहिलेलं असलं की परीक्षेच्या आदल्या रात्री सगळा तास पुन्हा पाहायची गरज नाही, नेमक्या जागी बोट ठेवता येतं. कॉम्प्युटर मिळाला तर अजून सोपं, यूट्यूबवर १ ते ९ हे आकडे दाबले की व्हिडिओ तितक्या दहाव्या हिश्श्यावर उडी मारतो, आणि थांबवलेलं असताना पूर्णविरामाची कळ दाबली की चित्र एकेक करून पुढे सरकतं. फळ्यावरची भराभर लिहिलेली मांडणी उतरवून घ्यायला याच्यासारखं साधन नाही.

दर सहा-सात मिनिटांनी थांबायचं आणि पडद्याकडे पाठ करून, आत्ता काय ऐकलं ते मराठीत सांगायचं. भिंतीला सांगा, आईला सांगा. अमेरिकेत २०१४ मध्ये एका अभ्यासात ६९ लाख वेळा पाहिले गेलेले शिकवणीचे व्हिडिओ तपासले, तर व्हिडिओ सहा मिनिटांहून लांबला की पाहणाऱ्यांचं लक्ष सुटतं असं दिसलं. कोट्यधीशांच्या पोरांचंही सुटतं. तेव्हा आपलं सुटलं तर आपली अक्कल कमी, हा आतून कुरतडणारा विचार आधी फेकून द्या.

पैशाचंही बोलतो, कारण तिथंच गळा आवळला जातो. २०२४ च्या जुलैत सगळ्या मोठ्या कंपन्यांनी रिचार्ज महाग केले. नुसता बोलणारा चेहरा असेल तर चित्र १४४ वर आणा, चेहरा धूसर होईल, होऊ द्या, त्याच्याशी लग्न करायचं नाहीये. फळा किंवा आलेख आला की तेवढ्यापुरतं वाढवा. फुकटचं वायफाय मिळेल तिथं ॲपमध्ये उतरवून ठेवा. व्हिडिओच्या खालच्या माहितीत बऱ्याचदा सगळं बोलणं लिखित स्वरूपात असतं, ते एकदा उतरवून घेतलं की वाचायला डेटा लागत नाही. 'एनपीटीईएल'नं, म्हणजे आयआयटीवाल्यांच्या २००३ पासूनच्या शिकवणीनं, काही अभ्यासक्रमांचं लिखाण मराठीतही आणलंय. शोधा. नाही सापडलं तर मागा.

आणि एक बटण बंद करा. व्हिडिओ संपल्यावर आपोआप पुढचा लावणारं. तो चोर आहे. संख्याशास्त्र संपतं, कोणीतरी नाचायला लागतं, मग कोणीतरी पडतं, मग रात्रीचा एक वाजतो. २०२४ च्या 'असर' पाहणीत खेड्यातल्या १४ ते १६ वर्षांच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या पोरांना मागच्या आठवड्याचं विचारलं. अभ्यासासाठी वापरला असं ५७ टक्के म्हणाले, सोशल मीडियासाठी ७६ टक्के. यंत्र हातात आलं, पण यंत्र कोणाच्या कामावर आहे? कंपनीच्या. तिला तुमचे डोळे हवेत, तुमची डिग्री नको.

इथवर बटणांचं झालं. पण बटणानं सगळं सुटतं असं सांगणारा माणूस भेटला तर त्याच्यापासून सावध राहा, तो काहीतरी विकायला आलेला असतो. मार्च २०२० नंतर शाळा बंद झाल्या आणि सरकारं म्हणाली, शिक्षण चालू आहे. १ जून २०२० ला केरळात ऑनलाईन वर्ग सुरू झाले. त्याच दिवशी मलप्पुरम जिल्ह्यातल्या रोजंदारीवाल्याच्या घरातल्या चौदा वर्षांच्या दलित पोरीनं जीव दिला. घरातला टीव्ही बिघडलेला होता, स्मार्टफोन नव्हता. ती हुशार होती. हे लिहिताना माझ्या बहिणीचा उंबऱ्याशी बसलेला पाठमोरा आकार दिसतो, आणि मी पुढचं वाक्य लिहायला अर्धा तास घेतो.

थेट चालणाऱ्या वर्गात आणखी एक बटण आहे, ते मास्तरच्या हातात असतं. सगळ्यांना मुकं करायचं. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' काढला, त्याला शंभर वर्षं पूर्ण होऊन दोन महिने झाले नाहीत तोच आपली पोरं पडद्यावर रांगेनं मुकी बसली. पण तेच यंत्र उलटतंही. एप्रिल २०२१ मध्ये खरगपूरच्या आयआयटीत पूर्वतयारीच्या ऑनलाईन वर्गात, जिथं अनुसूचित जाती-जमातींची आणि अपंग पोरं शिकतात, तिथं इंग्रजी शिकवणाऱ्या प्राध्यापिकेनं पोरांना घाण शिव्या घातल्या. त्याचं रेकॉर्डिंग बाहेर आलं, देशभर फिरलं, तिला निलंबित करावं लागलं. चार भिंतींत घडलं असतं तर पोरांनी खोटं बोलल्याचा ठराव झाला असता. माझ्या सातवीच्या मास्तरचं रेकॉर्डिंग नाही. माझ्याकडे फक्त ३५ मार्कांची गुणपत्रिका आहे.

आणि भाषेचं काय? २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला आपल्याच वर्ध्यात राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. गांधी अध्यक्ष. सात वर्षं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून, आणि एखाद्या हस्तोद्योगाभोवती, असे ठराव झाले. उद्योगाचं कौतुक आम्हाला सांगू नका. आमचे हात कधी रिकामे होते म्हणून त्यांना टकळी द्यायची? बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उभं केलं, ते पोरांच्या हातात पुस्तक द्यायला. पण मातृभाषेचा ठराव शंभर टक्के बरोबर होता. आज त्याच वर्ध्यातली पोरगी संख्याशास्त्राचा तास इंग्रजीत ऐकते, इंग्रजी अक्षरांत वाचते आणि मराठीत रडते. व्हिडिओखाली मराठी अक्षरं ही कोणाची मेहरबानी नाही, १९३७ पासूनची थकबाकी आहे. आर्वी, हिंगणघाट, पुलगाव, जिथं जिथं आपली पोरं कॉलेजात आहेत तिथं प्राचार्यांच्या टेबलावर हा अर्ज गेला पाहिजे: जो व्हिडिओ सक्तीचा, त्याचं लिखाण मराठीत द्या, मागेपुढे करायची पट्टी उघडी ठेवा, आणि शंका विचारायला आठवड्यातून एक तास हाडामांसाचा मास्तर बसवा. पडद्यातला मास्तर परत सांगतो, पण तेच सांगतो. वेगळ्या शब्दांत सांगायला समोर माणूस लागतो.

तो माणूस मिळेपर्यंत आपणच एकमेकांचे मास्तर. त्या रात्री मी बहिणीला विचलन शिकवू शकलो नाही, मला कुठे येतं? पण ती मला सांगायला लागली आणि सांगता सांगता तिलाच कळलं. चौदाव्या मिनिटावरची शंका मात्र सुटली नाही. नुसती वजाबाकी का चालत नाही? तिनं ती तशीच, मिनिटासकट, आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, जिथं सकाळी सकाळी फुलांचे फोटो आणि जयभीम येतात. दुपारी सेलूच्या एका पोराचं उत्तर आलं: सरासरीच्या वरचे आणि खालचे फरक एकमेकांना खाऊन टाकतात, बेरीज शून्य होते, म्हणून वर्ग. मी गोदीत परत आल्यावरही ते वाक्य दोन दिवस घोळवत होतो. वरचे आणि खालचे मिळवले की शून्य, आणि कागदावर कोणीच दूर नाही!

म्हणून ठरलंय. दर रविवारी संध्याकाळी सहाला विहारातल्या टीव्हीला एकाचा मोबाईल जोडायचा आणि आठवड्यातला सगळ्यात अडलेला तास सगळ्यांनी मिळून पाहायचा. नियम एकच. ज्याला कळलं नाही त्यानं मोठ्यानं "थांब" म्हणायचं, रिमोट ज्याच्या हातात असेल त्यानं थांबवायचं, कोणी हसायचं नाही. बहिणीनं पहिला तास निवडलाय. येताना वही आणा, आणि जमलं तर एक एक्स्टेन्शन बोर्ड. विहारात प्लगाचा पॉइंट एकच आहे, आणि तोही पंख्याचा.

जयभीम.